लेखी नाही

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी भाडं सांगितलं नाही की किल्ली काढली नाही. कोरा कागद पुढं केला आणि म्हणाल्या, "अर्ज लिही."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी करकंबची. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि सोलापुरात राहायला जागा हवी होती. एकट्या मुलीला खोली म्हटलं की लोक आधी जात विचारत, मग लग्न कधी करणार ते विचारत, आणि मग खोली आधीच दुसऱ्याला दिलीय म्हणून सांगत. बाईंनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून लिहिलं, 'महोदया, कृपया आपली वरची खोली मला भाड्याने मिळावी ही नम्र विनंती.' बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, लाल पेन उघडलं आणि 'कृपया', 'नम्र' आणि 'विनंती' या तिन्ही शब्दांवर आडवी रेघ मारली.

"भाडं देणार आहेस ना?"

"देणार."

"मग विनंती कशाला? ज्याचा हक्क आहे त्यानं मागावं. विनवण्या देवापुढं करायच्या, आणि तिथंही फार नाही."

खोली मिळाली. पूर्व भागात, यंत्रमागांची खडखड दिवसभर भिंतीतून ऐकू येते अशा एका गल्लीत ते घर होतं. खाली दोन खोल्या आणि अंगण, बाहेरून लोखंडी जिना आणि वर पत्र्याची एकच खोली, ती माझी. बाई पलीकडच्याच गल्लीतल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान वारलेले, मुलगा पुण्यात. त्या भागातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळं त्या साऱ्या गल्लीच्याच बाई. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव छापून आलं की माणसाचा पुढारी होतो, असं त्यांचं मत होतं.

बाईंना छंद म्हणावा असा एकच. माहितीच्या अधिकाराचे अर्ज. कुठल्याही सरकारी कार्यालयाकडं कुणाही नागरिकानं अर्ज करावा, दहा रुपयांचा स्टँप लावावा, आणि तुमच्या दप्तरी असलेला अमुक कागद मला दाखवा म्हणावं, असा तो कायदा. बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं. बाईंनी तो पाठ केला होता. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात तशा बाई कार्यालयांना जात. जाताना खांद्याला कापडी पिशवी आणि हातात घडीची खुर्ची. खुर्ची का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "उभं ठेवणं हे त्यांचं पहिलं उत्तर असतं. ते मी घेत नाही."

आलेली उत्तरं त्या लाल पेनानं तपासत. ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती, काळ, सगळं. मग खाली दहापैकी गुण देत आणि झेरॉक्स काढून ज्यानं उत्तर पाठवलं त्यालाच परत पाठवत. एका कार्यालयाच्या शिक्क्यातच 'जनमाहीती अधिकारी' असं होतं, ही दीर्घ. बाईंनी पहिल्यांदा सौम्य शब्दांत कळवलं. काही फरक पडला नाही. मग त्यांनी अर्ज केला की सदर शिक्का कोणाच्या मंजुरीनं बनवला, शुद्धलेखन कोणी तपासलं, त्या टिपणीची प्रत द्यावी. पुढच्या पत्रावर नवा शिक्का आला, ऱ्हस्व हि चा. बाईंनी त्या उत्तराला दहापैकी सहा दिले. तेवढे गुण त्यांनी कधी कुणाला दिलेले मला दिसले नाहीत.

लोकांना त्यांचा त्रासच वाटे. रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालायला शेजारी टाळत, कारण खोदून ठेवलेला रस्ता दिसला की बाई तिथंच थांबून पाटी वाचू लागत आणि पाटी नसेल तर पाटी का नाही यावर अर्धा तास जाई. मुलगा फोनवर म्हणे, "आई, आता पुरे. लोक तुला ब्लॅकमेल करणारी म्हणतात." बाई म्हणत, "म्हणू देत. लेखी म्हणाले तर मला पाठव." स्वभावानंही त्या मऊ नव्हत्या. मी नळ अर्धवट सोडला तर खालून ओरडत, आणि 'मला भेटला होतास का' ऐवजी मी फोनवर 'भेटलेला का' म्हटलं तर जेवता जेवता दुरुस्त करत. पण एक नियम कडक होता. कुणाच्या घरातलं, कुणाच्या खाजगीतलं त्या विचारत नसत, आणि सूड म्हणून अर्ज करू देत नसत. एकदा एकजण मेव्हण्याच्या रेशन दुकानाविरुद्ध अर्ज लिहून द्या म्हणून आला. गहू खराब मिळतो का, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, गव्हाचं काही नाही, पण मेव्हणा माजलाय. बाईंनी त्याला चहा पाजला आणि फाटकाबाहेर नेऊन सोडला.

दुपारी कारखान्यातून किंवा विड्यांच्या कामातून मोकळ्या झालेल्या बायका अंगणात येत. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाचं शिष्यवृत्तीचं काहीतरी. बाई त्यांना अर्ज लिहून देत नसत, लिहायला शिकवत. त्यांचा पहिला धडा ठरलेला. भिंतीवर खडूनं कोण, काय, कुठं, कधी, कुठला हे शब्द लिहायचे आणि शेवटी 'का' लिहून त्यावर फुली मारायची.

"का विचारायचं नाही," बाई सांगत. "का म्हटलं की ते म्हणतात, हा माहितीचा प्रश्न नाही, मताचा आहे. सुटले. त्यांना विचारायचं, कागद कुठला, सही कुणाची, तारीख कधीची. एवढ्याची उत्तरं आली की का ते आपलं आपल्याला कळतं."

पद्मा नावाची एक बाई पहिल्या ओळीत बसे. तेलुगू घरातली, विड्या वळणारी, नवरा मागावर. तिची मुलगी बाईंच्याच जुन्या शाळेत सातवीत होती. भिंतीवरचे शब्द ती मोठ्यानं वाचे आणि 'का' आला की हसून गप्प बसे.

त्याच शाळेवर एक दिवस नोटीस लागली. शाळेची इमारत तांत्रिक तपासणीत धोकादायक आढळली असून नव्या वर्षापासून मुलींना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्यात येईल. दुसरी शाळा म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे रेल्वेचे रूळ आणि जड वाहनांचा रस्ता. पद्मा नोटिशीचा फोटो घेऊन आली.

"बाई, माझी पोरगी तिकडं न्हाय जाणार," ती म्हणाली. "जायला कुणी न्हाय सोबत. घरी बसंल. आणि घरी बसली की तिचा बाप लग्नाचं बघंल."

बाई उठल्या. चपला घातल्या, शाळेत गेल्या, भिंतींवरून हात फिरवत सगळ्या वर्गांतून हिंडल्या. मी सोबत होते. दगडी बांधकाम, कौलं काही ठिकाणी फुटलेली, बाकी भक्कम. परत येऊन त्यांनी अर्ज लिहिला. मागणी एका ओळीची होती. इमारत धोकादायक ठरवणाऱ्या तपासणी अहवालाची प्रत द्यावी.

ज्या कार्यालयाकडं शाळा होती तिथला माहिती अधिकारी चाळिशीचा, व्यवस्थित इस्त्रीचे कपडे घालणारा, अतिशय सभ्य माणूस होता. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. तो कधी आवाज चढवत नसे, फक्त काही देत नसे. त्याचं पहिलं उत्तर आलं, मागणी स्पष्ट नाही. बाईंनी तेच वाक्य परत पाठवलं, कर्ता, कर्म, क्रियापद अधोरेखित करून. दुसरं उत्तर आलं, माहिती दुसऱ्या शाखेशी संबंधित आहे. त्या शाखेनं लिहिलं, माहिती पहिल्या शाखेशी संबंधित आहे. बाईंनी दोन्ही उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून वरच्या अधिकाऱ्याकडं अपील केलं.

अपिलाची तारीख लागायच्या आधी घरी एक गृहस्थ आले. पांढरे कपडे, मिठाईचा खोका. शाळेच्या जागेवर व्यापारी संकुल उभारायची योजना होती, हे आम्हाला त्यांच्याच तोंडून कळलं. ते ज्यांच्या वतीनं आले होते त्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"बाई, तुम्ही आमच्या आईच्या ठिकाणी," ते म्हणाले. "नव्या इमारतीत वर एक सभागृह होणार आहे. तुमच्या यजमानांचं नाव देऊ म्हणतो आम्ही त्याला."

"त्यांना सभेत बसवत नसे," बाई म्हणाल्या. "पाठ दुखायची त्यांची."

गृहस्थ हसले. निघताना अंगणात थांबून त्यांनी वर पाहिलं. लोखंडी जिना, माझ्या खोलीचं दार, दोरीवर वाळत घातलेला माझा कारखान्याचा कोट.

"वरचं बांधकाम परवानगीनं केलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. उत्तराला थांबले नाहीत. मिठाई बाईंनी त्यांच्या गाडीच्या टपावर ठेवून दिली.

आठवडा गेला असेल नसेल, बांधकाम विभागाची नोटीस आली. पहिल्या मजल्यावरील खोली विनापरवाना असून ती स्वतःहून काढून घ्यावी, अन्यथा पाडण्यात येईल.

करकंबला कशी कोण जाणे बातमी पोचली. वडिलांचा फोन आला. "त्या बाईचं सरकारासंगं वाकडं हाय म्हणं. तुला कशाला पायजे त्यात? पाडायला येत्याल तवा तुझं सामान रस्त्यावर पडंल. चार लोक काय म्हणत्याल? दुसरी खोली बघ की, न्हायतर नोकरी सोड आन घरी ये."

"बाई चांगल्या आहेत, आबा."

"चांगल्या हायेत म्हणूनच म्हणतोय. चांगल्या माणसामागं लई लागतंय."

मी रात्रभर विचार करत बसले नाही. दमलेली होते, झोपले. पण सकाळी खाली गेले तेव्हा मनात होतं की आता कोर्टात जाऊ, स्थगिती आणू, सगळ्या गल्लीत अशाच खोल्या आहेत, फक्त आपल्यालाच नोटीस कशी, असं भांडू. मी तसं म्हटलंही. बाई चहा गाळत होत्या.

"ते खरं आहे का, एवढंच बघायचं," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःच्याच घराच्या बांधकाम परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवली. जिच्या घराची परवानगी तिनंच ती मागायला अर्ज केलेला बघून तिथला कारकून चक्रावला. तो कागद मात्र आठवड्याच्या आत मिळाला. खालच्या दोन खोल्यांना मंजुरी होती. वरच्या खोलीचा उल्लेख कुठंच नव्हता.

बाईंनी तो दोनदा वाचला. वरची खोली यजमानांनी निवृत्तीच्या वर्षी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. मुलगा सुट्टीत सुनेला घेऊन राहील म्हणून. मुलगा कधी राहिला नाही, यजमान दोन पावसाळे त्या खोलीत बसून रेडिओ ऐकत आणि मग गेले. हे मला नंतर पद्मानं सांगितलं. बाई त्या दिवशी इतकंच म्हणाल्या, "खोटं बोलत नाहीयेत. खोली बेकायदेशीर आहे."

"मग?"

"मग पाडायची. तुझं सामान हॉलमध्ये आण. भाडं अर्धं दे."

मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, ते कायद्यासाठी नाही आले, तुम्हाला गप्प बसवायला आलेत. बाईंनी मान हलवली. "माहीत आहे. पण माझ्यावर त्यांनी टाकलेला एक दोर खरा आहे. तो त्यांच्या हातात ठेवून मी त्यांना अहवाल मागू? आवाज नीट निघणार नाही माझा."

पाडणारं पथक यायचं होतं त्या सकाळी त्यांनी दोन गवंडी बोलावले. जेसीबी आणि चार माणसं घेऊन पथक गल्लीत शिरलं तेव्हा वरचे पत्रे उतरून भिंतीला टेकवलेले होते आणि अर्धी भिंत खाली आली होती. बाई गल्लीच्या मधोमध घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सगळी गल्ली दारादारांत उभी. मागसुद्धा बंद होते, त्यामुळं गवंड्याच्या घणाचा आवाज लांबपर्यंत जात होता.

पथकाचा प्रमुख तरुण होता, गोंधळला. "आजी, तुम्ही कशाला पाडताय? आम्ही आलोय की."

"नोटिशीत स्वतःहून असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मी वाचून करते. बसा, पंचनामा करा."

त्यानं पंचनामा केला. बाईंनी तो वाचला, दोन चुका सांगितल्या, सही केली आणि एक प्रत मागून घेतली. मग पिशवीतून दुसरा कागद काढून त्याच्या हातात दिला. तो शाळेच्या अपिलाचा होता.

"हे तुमच्या साहेबांना द्या. सांगा, बाईंनी तुमचा कागद मानला. आता तुम्ही बाईंना तुमचा कागद दाखवा."

शेवटची भिंत पडताना मी त्यांच्याकडं बघत होते. त्या तिकडं बघत नव्हत्या. समोर, रस्त्याच्या टोकाकडं बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले होते. संध्याकाळी मलबा उचलून झाल्यावर त्या अंगणात पाणी मारत होत्या तेव्हा उरलेल्या विटकरीच्या चुऱ्यात त्यांना रेडिओची एक खुंटी सापडली. ती त्यांनी धुतली आणि कचऱ्यात टाकली.

त्यानंतर मात्र बाई वेगळ्याच ताकदीनं उभ्या राहिल्या. अपिलात वरच्या अधिकाऱ्यानं आदेश दिला की बाईंना शाळेची पूर्ण फाईल प्रत्यक्ष बघू द्यावी. कारखान्याची माझी सुट्टी शुक्रवारी असे, म्हणून बाईंनी शुक्रवार मागितला. आम्ही गेलो. साहेब म्हणाले, फाईल शोधणं चालू आहे, बसा. बसायला जागा नव्हती. बाईंनी व्हरांड्यात आपली खुर्ची उघडली. दुपार झाली. बाईंनी डबा काढला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी मोडली की कडकन आवाज होई आणि आतले कारकून वळून बघत. त्यांनी दोघांना बोलावून चटणी दिली. एकानं घेतली, दुसरा साहेबांच्या केबिनकडं बघून नको म्हणाला.

कार्यालय बंद व्हायच्या सुमाराला फाईल आली. बाईंनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. प्रस्ताव होता, संकुलाचा नकाशा होता, शाळा हलवण्याचा आदेश होता, आणि त्या आदेशात 'तपासणी अहवालानुसार' असा शब्द तीन ठिकाणी होता. अहवाल नव्हता. बाईंनी पानं पुन्हा मागून पुढं उलटली. नव्हता.

मला वाटलं, आता भडकतील. बाई केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, अहवाल यात नाही."

"नसेल तर नाही, मॅडम. काय करणार?" साहेब शांतपणे म्हणाले. "सापडला की कळवू."

"शोधू नका. आत्ता आहे की नाही, तेवढं लिहून द्या."

"नाही म्हटलं ना मी. लिहून कशाला?"

"तोंडी नाही मला घरी पण मिळतं," बाई म्हणाल्या. "मला लेखी नाही पाहिजे."

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. मग एक कागद घेतला आणि लिहिलं, सदर तपासणी अहवाल या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. सही, शिक्का. मला आजही कळत नाही की त्या माणसानं तो कागद का लिहिला. नाही म्हणता आलं असतं. बाहेर येताना बाई इतक्या भराभर चालत होत्या की खुर्ची मला घ्यावी लागली. "बघ," त्या म्हणाल्या. "सगळे लोक होकार मागत हिंडतात. नकाराची किंमत कुणाला नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी ते धुळीवर ढकललं.

त्या एका ओळीच्या शंभरेक झेरॉक्स निघाल्या. बाकं न्यायला ट्रक आला त्या दिवशी मुलींच्या आया शाळेत जाऊन बसल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. प्रत्येक बाकावर एक बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, आणि विड्या वळणं चालू. दिवसाची मजुरी बुडवून आंदोलन परवडणाऱ्या बायका त्या नव्हत्या. ट्रकवाला म्हणाला, "मावशी, उठा की, मला पुढची खेप हाय." पद्मानं कागद दाखवला. "ह्यात लिवलंय की धोका न्हाय सापडला. सापडला की उठतो."

"ते मला काय सांगता?"

"मग ज्याला सांगायचं त्याला हितं बोलव."

बाई त्या दिवशी आल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी गेले असते तर ते माझ्याशी बोलले असते." दुपारी साहेबांचे वरिष्ठ आले, बायकांशी बोलले, ट्रक रिकामा गेला. महिन्याच्या आत आदेशाला स्थगिती मिळाली. शाळा त्याच जागेवर सुरू झाली.

स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे बाईंना खुपत होतं. त्या विषयावर पुढचा अर्ज लिहायला घेतला होता तेव्हा त्यांना लकव्याचा झटका आला. स्वयंपाकघरात पडल्या. पद्मा आणि मी रिक्षातून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला आणि मराठी गेली.

हे शेवटचं कुणाला खरं वाटत नाही. बाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, घरची भाषा कानडी. चाळीस वर्षं पोरींना मराठी व्याकरण शिकवलं, पण ती शिकलेली भाषा होती. झटक्यातून शुद्धीवर आल्यावर त्यांच्या तोंडून जे चार-दोन शब्द येत ते लहानपणचे, कानडी. मराठी ऐकलेली सगळी कळे, बोलता येत नसे. सुरुवातीला त्या जोर लावून बघत, कपाळावर घाम येई, आणि मग नुसतं 'नीर' म्हणत. पाणी. मी त्यांना कधी हरलेलं बघितलं असेल तर त्या आठवड्यात. मुलगा पुण्याला न्यायला आला. बाईंनी मान हलवून नाही सांगितलं, आणि तो काही केल्या बधत नाही म्हटल्यावर डाव्या हातानं पलंगाचा गज धरून ठेवला.

कार्यालयात बातमी गेली होती. चटणी घेतलेला कारकून मला रस्त्यात भेटला, म्हणाला, "बाईंचं ऐकून वाईट वाटलं." आणि मग खाली बघून, "पण आमच्या तिकडं काहीजण पेढे वाटायच्या मूडमध्ये आहेत." मी हे बाईंना सांगितलं. सांगावं की नाही हा विचार केला होता, पण सांगितलं. त्या हसल्या. आजारपणातलं पहिलं हसू, एकाच बाजूनं.

मग मी म्हटलं, तो अर्ज मी लिहिते, तुम्ही अंगठा द्या. बाईंनी माझं मनगट धरलं आणि जोरजोरात मान हलवली. डाव्या हातानं कायद्याचं पुस्तक उघडलं, पानं उलटत राहिल्या, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगावं आणि तो कागदावर उतरवायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करावी, असं तिथं होतं.

शाळा हलवण्याचा तो आदेश आता रद्द झालाय, त्याची प्रत माझ्याकडं आहे. त्या प्रतीपर्यंत नेणारा अर्ज कुणाच्या अक्षरात आहे ते मी पुष्कळांना दाखवते.

पद्मा आणि मी दोन्हीकडून धरून बाईंना साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. साहेब उठून उभे राहिले. मी कलम वाचून दाखवलं.

"मला माहीत आहे कलम," साहेब म्हणाले. "पण मॅडमना बोलता कुठं येतंय?"

"येतं," मी म्हटलं. "कानडीत."

बाहेरचे दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले होते. कुणीतरी हसलं. साहेबांनी त्या माणसाकडं पाहिलं, दार लोटून घेतलं आणि खुर्ची बाईंच्या जवळ ओढली.

"हेळ्री," ते म्हणाले. सांगा. त्यांच्या आवाजाचा पोत एकदम बदलला होता. इतके दिवस त्या कार्यालयात आम्ही त्यांना पुस्तकी मराठीशिवाय काही बोलताना ऐकलं नव्हतं. "नम्म आई दुधनीची," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. नम्म म्हणजे आमची, आणि दुधनी अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात.

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं, वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बघावं तसं. मग बोट टेबलावरच्या कागदावर टेकवून म्हणाल्या, "बरी." लिही. अहो-जाहो नाही.

शब्द एकेक करून येत होते. साली, म्हणजे शाळा. आदेश. कधी दोन शब्दांमधे इतका वेळ जाई की पद्मा अस्वस्थ होऊन हलू लागे. साहेब थांबत. कानडीत विचारून घेत, मग मराठीत लिहीत. शाळा हलवण्याचा निर्णय रद्द केल्याच्या आदेशाची प्रत. रद्द केला नसल्यास तसं लेखी. आपल्याच कार्यालयाला, आपल्याच नावानं, आपल्याच हातानं ते लिहीत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सगळा अर्ज मोठ्यानं वाचला.

"सरी अद?" त्यांनी विचारलं. बरोबर आहे?

बाईंनी मान हलवली. डाव्या हाताचा अंगठा दिला. साहेबांनी शिक्का मारला, पोच फाडून माझ्या हातात दिली आणि पेनाला टोपण घातलं. पद्मानं बाईंना उठवायला काखेत हात घातला.

बाई उठल्या नाहीत.

"इन्नोंदु," त्या म्हणाल्या. आणखी एक.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.